संध्याकाळची अंघोळ

"पाळी किती दिवस चालते?" सिस्टरनं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आत्ती म्हणाल्या, "धा दिवस बाजूला बसती. कधी कधी बारा."

"अंगावरून जास्त जातं?"

आत्तींनी माझ्याकडं पाहिलं. "ते तिलाच इचारा."

"हो," मी म्हटलं.

सिस्टरनं कागदावर लिहून घेतलं. सकाळचे सात वाजले होते. आदल्या दिवशी मला भरती केलं होतं आणि रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता. अकरा वाजता ऑपरेशन. पिशवी काढायची होती माझी. वय सत्तावीस, पदरात दोन पोरं, मोठी सहा वर्षांची आणि धाकटा तीन. मी खाटेवर एका बाजूला भार देऊन बसले होते, कारण सरळ बसायची सवय माझी केव्हाच मोडली होती. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्या स्टुलावर बसून गुडघे चोळत होत्या. बाहेर पायरीवर आमचे हे, भानुदास, बसले होते. संमतीच्या कागदावर सही करायला त्यांना साडेदहाला आत बोलावणार होते.

आणि खरी गोष्ट ही, की माझी पाळी चार दिवसांची होती. लग्नाआधी चार, पहिल्या बाळंतपणानंतर चार, दुसऱ्यानंतरही चारच. घड्याळ लावून घ्यावं इतकी बिनचूक. उरलेले सहा-आठ दिवस मी जोडलेले होते.

का जोडले ते सांगते. आज पन्नाशी ओलांडून बसलेय, आता काय लाजायचं.

आमचा डंक होता, म्हणजे मिरची कांडायचं यंत्र. लोखंडी मुसळं वर जातात आणि धाडकन खाली येतात, दिवसभर. होळी झाली की अक्षय्य तृतीयेपर्यंत आमच्या दारात आसपासच्या दहा गावांच्या बायकांची रांग. वर्षाची चटणी सगळे त्याच दिवसांत करून ठेवतात. आम्हीही आमची चटणी करून विकायचो. संकेश्वरी मिरची, ब्याडगी मिरची, देठं खुडा, वाळवा, खोबरं भाजा, तीळ भाजा. घरातलं माणूस माणूस शिंकत असायचं. आणि घरात एक नियम होता, आत्तींच्या सासूपासून चालत आलेला. चार दिवसांतल्या बाईनं चटणीला हात लावायचा नाही, चटणीला किडे होतात म्हणून. नुसतं हात लावायचा नाही असं नव्हे, तर डंकाच्या बाजूलाच फिरकायचं नाही. मागच्या पडवीत बसायचं, वेगळ्या घोंगड्यावर झोपायचं. आणि नवऱ्यानं तिकडं यायचं नाही.

लग्न होऊन आले तेव्हा ह्या नियमाचा मला फार राग यायचा. दहावी शिकलेली मी. माहेरी असलं काही नव्हतं. नंतर त्याच नियमाला मी असं धरून बसले, की विचारू नका.

धाकटा झाला तेव्हा मला टाके पडले होते. सव्वा महिना गेला, टाके भरले, जखम दिसेना. पण दुखणं काही गेलं नाही. जखमेवर चटणी पडावी तशी आग. नुसता हात लागला तरी, परकराची शिवण घासली तरी, पोराला मांडीवर घेऊन फार वेळ बसलं तरी. आणि नवरा जवळ आला, की मग तर बोलायलाच नको. खाटेचा लोखंडी बार मी अशी धरायची की सकाळी तळहातावर वळ दिसायचे.

चटणीच्या घरात राहून चटणीसारखी आग होते म्हटल्यावर मला दुसरं काय सुचणार? मला वाटलं, हातांचं तिखट लागतंय. ह्यांचे हात दिवसभर मिरचीत. एकदा मी म्हटलं, "हात धुतलेत का नीट?"

त्यांनी हात बघितले, उठून जाऊन धुऊन आले. पुढच्या वेळी पुन्हा विचारलं, "साबणानं धुतलेत?" दुसऱ्या दिवसापासून त्यांनी संध्याकाळची अंघोळ सुरू केली.

ती अंघोळ! डंक बंद झाला, की बंबात पाणी तापायचं. आधी ताक चोळायचे अंगाला, मग बेसन, मग वासाचा साबण. पहिला तांब्या फरशीवर पडला, की स्वयंपाकघरात माझा हात परातीतच थांबायचा. माझ्या डोक्यात एकच हिशेब बसला होता: अंघोळ केलीय, म्हणजे आज जवळ येणार. कधी यायचे, कधी पाठ करून झोपून जायचे. पण त्या पाण्याचा आवाज ऐकला, की माझं अंग लाकूड व्हायचं ते व्हायचंच.

कुणाला सांगणार? मोठ्या बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, "बायकांचं असंच असतंय मालन. दात आवळून पडून राहायचं. पाच मिनिटांचा तर खेळ." मी दात आवळून पाहिले. खोबरेल तेल लावून पाहिलं. गार पाण्याची घडी ठेवून पाहिली. सोमवार धरला, गुरुवार धरला, संकष्टी धरली. धाकट्याला मध्ये झोपवलं. डोकं तर माझं आठवड्यातून तीनदा दुखायचं. शेवटी एका महिन्यात पाळीचे चार दिवस झाले आणि पाचव्या दिवशी सकाळी आत्तींनी हाक मारली, "मालन, डोक्यावरनं पाणी घेतलंस का?" आणि मी पडवीतूनच म्हटलं, "नाही आत्ती, अजून जातंय."

इतकं सोपं होतं ते. कुणी पुढं विचारलं नाही. पाचाचे सहा झाले, सहाचे आठ, आठाचे दहा. पडवीत मी गहू निवडायची, पोरांचे कपडे शिवायची आणि आडवी झाली की गाढ झोपायची. महिन्यातले ते दहा दिवस माझे होते.

पण तिकडं आत्ती गुडघे धरून देठं खुडत बसायच्या. ऐन हंगामात घरातली एक जोडी हातांची कमी. मला त्यांची लाज वाटायची, खोटं कशाला बोलू. त्या वर्षी होळीनंतर त्या ह्यांना म्हणाल्या, "भानू, हिला दवाखान्यात दावून आण बाबा. असं किती दिस चालायचं?"

तालुक्याच्या गावी एक नर्सिंग होम होतं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, मशीन फिरवलं आणि माझ्याकडं न बघता ह्यांना म्हणाले, "पिशवीला सूज आहे. दोन मुलं झालीत, कुटुंबनियोजन झालंय. आता त्या पिशवीचं काम काय? काढून टाकू. पुढं त्रास नको."

तिथं मी बोलू शकले असते. नाही बोलले. एक तर मला वाटलं, काय सांगावं, त्या पिशवीतच असेल ती आग. पिशवी जाईल तशी आगही जाईल. आणि दुसरं म्हणजे, मी फार थकले होते. खोटं बोलून थकले होते, घाबरून थकले होते. कुणीतरी ठरवतंय, आपण नुसतं आडवं व्हायचंय, एवढ्यावर मी हो म्हणून मोकळी झाले.

तर त्या सकाळी सिस्टर पुन्हा आली. लोखंडे सिस्टर. पन्नाशीची, जाड भिंगाचा चष्मा, आवाज असा की सगळ्या वॉर्डाला ऐकू जावा. हातात ट्रे, ब्लेड, कापूस. पडदा ओढला.

"चला, सफाई करून घेऊ. पाय वर घे. अंग सैल सोड गं, मी काय खाते का तुला?"

ओला कापूस लागला आणि मी खाटेवरून अर्धी उठले. तोंडातून आवाज निघाला तो मलाच अनोळखी वाटला.

सिस्टर थांबली. "गार लागलं?"

"नाही."

"मग?" तिनं पुन्हा, अगदी हलक्या हातानं, कापसाचं नुसतं टोक टेकवलं. "इथं?"

मी मान हलवली. डोळ्यांतून पाणी कधी आलं कळलं नाही.

"आणि इथं? इथं नाही. इथं?" सिस्टरचा आवाज आता एवढासा झाला होता. "कधीपासून आहे गं हे?"

"तीन वर्षं. धाकटा झाला तेव्हापासून."

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"त्यांनी पोटच पाहिलं."

"नवऱ्याला माहितीय?"

मी तोंड भिंतीकडं फिरवलं. सिस्टरनं कापूस ट्रेमध्ये टाकला आणि चष्मा काढून पदरानं पुसला. मग वाकून माझ्या कानाशी म्हणाली, "हे बघ, मी सांगितलं म्हणून कुठं बोलू नकोस, माझी नोकरी आहे इथं. पण हे पिशवीचं दुखणं नाही. पिशवी आत असते, हे बाहेर आहे. पिशवी काढली तरी हे जागचं हलायचं नाही."

"नाही जाणार?"

"नाही गं बाई." ती उठली. "सफाई मी थोड्या वेळानं करते. आधी बाकीच्यांच्या सुया देऊन येते."

पडदा बाजूला करून ती गेली. शेजारच्या खाटेवर हौसाबाई होत्या, जवळच्याच कुठल्याशा वाडीच्या. चाळिशीच्या असतील. त्यांची पिशवी सहा दिवसांपूर्वी काढली होती आणि त्यांच्या गप्पांना तेव्हापासून जो पूर आला होता तो ओसरलेला नव्हता.

"घाबरू नगंस गं पोरी," त्या म्हणाल्या. "कायसुदिक कळत न्हाई. मणक्यात सुई देत्यात, झालं. सुटका व्हती बग. कापडं नगंत, बाजूला बसणं नगं, देवाधर्माला अडचन न्हाई." मग त्या तोंडाला पदर लावून खुदखुदल्या. "आमचं मालक तर काल येऊन म्हनत व्हतं, आता तीस दिवस रान मोकळं."

त्या हसत राहिल्या.

अहो, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती! पिशवी गेली म्हणजे पाळी गेली. पाळी गेली म्हणजे पडवी गेली, घोंगडं गेलं, ते दहा दिवस गेले. राहणार काय? आग तेवढी राहणार. तीसच्या तीस दिवस. मी स्वतःच्या हातानं माझं एकुलतं एक दार बंद करायला निघाले होते, तेही पोट कापून.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेनऊ झाले होते.

"आत्ती," मी हाक मारली.

आत्ती स्टुलावर डुलक्या घेत होत्या. दचकून जाग्या झाल्या. "काय गं? पानी नगं हां मागूस, द्यायचं न्हाई."

"पाणी नको. जवळ या."

त्या खाटेच्या काठावर आल्या. मी त्यांच्या हाताकडं बघत बोलले, तोंडाकडं बघायचा धीर नव्हता. बोटांच्या पेरांत मिरचीचा लाल रंग बसलेला, वर्षानुवर्षांचा. "आत्ती, मला दहा दिवस जात नाही. चारच दिवस जातं. मी खोटं सांगत होते."

मला वाटलं, आता कानाखाली बसणार. आत्तींनी नुसता सुस्कारा सोडला.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"दोरीवर कापडं किती वाळत पडत्यात ते दिसत न्हाई व्हय मला? पडवी धा दिवस आन् कापडं चार दिवस. पयल्या महिन्यातच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? म्हटलं, पोरगी शिकलेली, मिरचीचा कटाळा आलाय. कामचुकारपना करतीया. आज सांगंल, उद्या सांगंल, म्हणून वाट बगितली." त्यांचा आवाज चढला, मग हौसाबाईंकडं बघून त्यांनी तो खाली आणला. "म्हटलं दवाखान्याचं नाव काढलं की सुतासारखी सरळ हुईल. तर डाक्टरच म्हनाला पिशवी सुजलीया! मग मीच भ्याले. म्हटलं माजंच कापडं मोजायचं चुकलं आसंल, पोरगी खरंच आजारी आसंल. रातभर डोळा न्हाई लागला माजा."

"मिरचीचा कंटाळा नव्हता आत्ती."

"मग?"

मग मी सांगितलं. सासूला कसं सांगायचं असतं हे, मला माहीत नव्हतं, अजूनही नाही. टाके सांगितले, आग सांगितली, परकर सांगितला, खाटेचा बार सांगितला. पुढचं शब्दांत सांगता येईना तेव्हा मी नुसते तळहात पुढं केले, जणू वळ अजून तिथंच होते. आत्तींनी माझे हात हातात घेतले आणि उलटसुलट करून पाहिले.

"तीन वर्सं?" त्या म्हणाल्या.

"हो."

"आन् भानूला ठावं न्हाई?"

"नाही."

"त्यानं कधी हात उगारला? जबरदस्ती केली?"

"नाही आत्ती, तसं नाही. ते वाईट वागले असते तर सांगायला सोपं गेलं असतं."

आत्ती उठल्या. कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मला सांगून भागायचं न्हाई. संसार माज्यासंगं न्हाई तुजा. मी त्येला आत धाडते. सगळं सांग. काय बी राखू नगंस." मग वळून मोठ्यानं म्हणाल्या, "चला हौसाबाई, तुमास्नी फिरायला सांगितलंय न्हवं डाक्टरनं? उठा, मी धरते."

"आवं, आत्ताच तर फिरून आल्ये!"

"आनि एकदा फिरा. चांगलं असतंय." आणि त्या बाईला अक्षरशः काखेत धरून आत्तींनी व्हरांड्यात नेलं.

हे आत आले. हातात वाचायला दिलेला संमतीचा कागद होता, तो त्यांनी गुंडाळी करून धरला होता. बायकांच्या वॉर्डात कुठं बघावं ते न कळून ते खाली फरशीकडं बघत होते. सकाळी सकाळी अंघोळ करून आले होते, वासाच्या साबणाचा वास येत होता. त्या वासानंसुद्धा माझं अंग आखडलं.

"आई म्हणाली, काहीतरी बोलायचंय तुला."

"बसा ना."

ते स्टुलावर बसले. आत्तींना सांगितलं तेच मी त्यांना सांगितलं, पण ह्या वेळी फार अवघड गेलं. मी मध्येच थांबत होते, मध्येच साडीचा काठ दुमडत होते. पाळीच्या खोट्याचं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. दुखण्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी मान वर केली.

"दुखतं? म्हणजे, मी जवळ आलो की?"

"हो."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"आणि वासाचं काय?"

मला कळेना. "कसला वास?"

"माझ्या अंगाचा. मिरचीचा." त्यांनी हातातली कागदाची गुंडाळी आवळली. "तू म्हणायचीस ना, हात धुतलेत का, साबणानं धुतलेत का. मला वाटलं तुला किळस येते माझी. शिकलेली पोरगी, डंकवाल्याच्या घरात पडली. म्हणून तर अंघोळ करायला लागलो. ताक लावलं, बेसन लावलं. तो महागातला साबण आणला. तरी तू लाकडासारखी पडून राहायचीस. मला वाटायचं अजून येतोय वास. सकाळी डंकावर उभा राहिलो की स्वतःचीच घाण वाटायची मला."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. तीन वर्षं, रोज संध्याकाळी, तो माणूस माझ्यासाठी स्वतःला घासत होता, आणि मी त्या पाण्याच्या आवाजाला थरथरत होते.

"वास कधीच आला नाही मला," मी म्हटलं. "मला वाटलं हातांच्या तिखटानं आग होते, म्हणून विचारायचे. नंतर हात धुतलेले असले तरी व्हायची. पण तोवर तुमची अंघोळ सुरू झाली होती, आणि मला वाटायचं..." पुढचं मला सांगता येईना. तरी आत्तींचे शब्द आठवले आणि सांगितलं. "तुम्ही अंघोळीला गेलात की मला भीती वाटायची. आज येणार म्हणून."

ते उठून खिडकीशी गेले. पाठ माझ्याकडं. तिथूनच म्हणाले, "पिशवी द्यायला तयार झालीस. पोट कापून घ्यायला तयार झालीस. पण मला सांगायला नाही. इतका परका वाटलो मी?"

त्यांना राग आला होता, आणि तो खरा होता. "तुम्ही तरी विचारलंत का," असं जिभेवर आलं होतं, पण म्हटलं नाही. तेही माझ्यासारखेच गप्प राहून झिजले होते.

"परके नव्हता," मी म्हटलं. "मी थकले होते हो."

त्यांनी तो संमतीचा कागद उलगडला, एकदा वाचला आणि चार तुकडे करून खिशात घातला.

डॉक्टर भडकले. भडकणारच. टेबल तयार, भूल देणारे आलेले. "हा काय पोरखेळ लावलाय? सूज आहे म्हणून सांगितलं ना? उद्या कॅन्सर झाला तर कोण जबाबदार?"

कॅन्सर म्हटल्यावर हे गडबडले. माझीही पाचावर धारण बसली. तेवढ्यात आत्ती पुढं आल्या, पदर डोक्यावर घेऊन, एकदम गरीब चेहरा करून. "चुकलं डाक्टरसायब. घरच्या देवीचा कौल घ्यायचा ऱ्हायलाय. कौलाबिगर आमच्यात अंगाला लोखंड लावत न्हाईत. कौल घितो आन् येतो."

डॉक्टरांनी हात टेकले. देवीशी कोण भांडणार? दाराशी लोखंडे सिस्टर ट्रे घेऊन उभी होती. मी बाहेर पडताना तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही, फक्त ट्रेमधली कापसाची गुंडाळी सारखी करत राहिली. तिचं नाव मी कुणापुढं घेतलं नाही. आज तीस वर्षांनी पहिल्यांदा घेतेय.

एसटीत आत्ती मध्ये बसल्या, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला हे. उपाशी पोटी गाडीच्या धक्क्यांनी माझं डोकं खरंच दुखायला लागलं. घरी पोरं धावत आली. धाकट्याचे गाल चटणीनं रंगलेले होते. दारात गिऱ्हाईकं ताटकळत उभी होती. ह्यांनी शर्ट बदलला आणि सरळ डंक सुरू केला. मी भाकरी खाल्ली, डोक्यावर पदर घेतला आणि आत्तींच्या शेजारी देठं खुडायला बसले. आत्तींनी त्यांच्या खालचं मऊ पोतं काढून माझ्याकडं सरकवलं. म्हणाल्या, "याच्यावर बस. आन् बसवंना झालं की उठ, सांगत बसू नगंस." त्यावर त्या पुन्हा कधी एक शब्द बोलल्या नाहीत. पण माझं घोंगडं त्यांनी पडवीतून उचललं आणि स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या अंथरुणाशेजारी घालून ठेवलं, महिनाभरासाठी. ह्यांना सांगितलं, "माजं गुडघं दुखत्यात, रातची कुनीतरी पायजे जवळ." गुडघे खरंच दुखत होते.

संध्याकाळ झाली. डंक बंद झाला. मी चुलीपुढं भाकरी थापत होते आणि कान आपोआप न्हाणीकडं लागले. बंबात सकाळचं पाणी होतं. झाकणाचा आवाज येईल, तांब्याचा आवाज येईल. माझे खांदे वर आले. नुसतं सांगून टाकलं म्हणून अंगाला कुठं कळतंय?

आवाज आला नाही.

हे आले ते तसेच. केसांत, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर लाल भुकटी. दारातल्या पिंपातलं पाणी घेऊन हातपाय धुतले, दोनदा शिंकले आणि पाटावर येऊन बसले.

"वाढ," म्हणाले. "भूक लागलीय."

मी ताट वाढलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, मीही नाही. भाकरी वाढताना माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पोरीनं विचारलं, आई का रडती? हे म्हणाले, "चटणी उडली डोळ्यांत. माझ्या अंगावरची."

पुढं आठ-नऊ वर्षांनी कोल्हापुरात एका डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. ह्या दुखण्याला एक लांबलचक इंग्रजी नाव आहे, ते त्यांनी लिहून दिलं होतं. मलम दिलं, अंग सैल सोडायचे व्यायाम शिकवले. ह्यांना आत बोलावून समोर बसवून समजावलं. बरंच कमी झालं. सगळं गेलं म्हणाल, तर नाही. अजूनही काही महिने असे जातात की मऊ पोतं लागतं. पिशवी अजून पोटात आहे, तिला काहीही झालेलं नाही.

डंक आता धाकटा बघतो, हेही हाताशी असतात. हे त्या दिवसापासून संध्याकाळची अंघोळ विसरले ते विसरलेच. हातपाय धुतात, लाल अंगानं जेवतात, आणि मी त्यांच्या शेजारी पाय पसरून झोपते.

फक्त कधीतरी, महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या दिवशी, मला बरं वाटत असलं, की मी बंब पेटवते. धूर दिसला की हे डंकावरूनच बघतात. विचारत काही नाहीत. मीच म्हणते, "अहो, पाणी तापलंय."